ऋण आणि मतभेद

कुठल्याही मराठी दैनिकातलं पुण्यस्मरणाचं पान काढून बघावं. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू, आणि फोटोखाली ठरलेली विशेषणं: प्रेमळ, सोशिक, कष्टाळू, धर्मपरायण. तिचे संस्कार हीच आमची शिदोरी, असं एक वाक्य. मग ‘शोकाकुल’ म्हणून मुलं, सुना, जावई, नातवंडं. नावं झाकली तर एका घरची आई दुसऱ्या घरी सहज खपून जाईल. लिहिणाऱ्यांचं दुःख खोटं नसतं, पण त्या चार विशेषणांत ती बाई कुठेच सापडत नाही. ती काय वाचायची, कुठे कुठे हिंडली, कशावरून चिडायची, देवावर तिचा विश्वास होता की देवाशी भांडण होतं, यातलं काहीच कळत नाही. आई गेली की आपण तिला घाईघाईने देव्हाऱ्यात बसवतो, आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीला कुणी प्रश्न विचारत नाही.

‘श्यामची आई’ या पुस्तकाचंही आपण थोडंफार असंच केलं. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. त्यातली आई पोहायला घाबरणाऱ्या श्यामला फोक मारून विहिरीवर पाठवते. कर्जाच्या ओझ्याखाली, अपमान गिळत जगते. मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीच्या मदतीला मुलाला धाडते. म्हणजे ती कडक आहे, आणि गावाची रीत मोडण्याइतकी धीटही आहे. आपल्या आठवणीत मात्र उरले ते अश्रू. तिचा कडकपणा आपण हळूहळू धुऊन टाकला.

आईला आठवण्याची एक वेगळी, अवघड आणि मला अधिक खरी वाटणारी रीत पंडिता रमाबाईंकडे सापडते. त्यांच्या आईचं नाव लक्ष्मीबाई डोंगरे. तिच्या हातचं लिहिलेलं आपल्यापर्यंत काही आलेलं नाही. तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते बहुतेक सगळं लेकीमुळेच.

लक्ष्मीबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या सुमारे नऊ वर्षांच्या होत्या, आणि नवरा चाळिशी ओलांडलेला विधुर. अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूरकडचे. विद्यार्थिदशेत ते पुण्याला असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीला संस्कृत शिकवत. बायकांनाही संस्कृत येऊ शकतं, हे तिथे त्यांच्या मनात बसलं. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते जमलं नाही. या दुसऱ्या, कोवळ्या पत्नीला मात्र त्यांनी शिकवलं. त्यावरून लोक बोलू लागले तेव्हा ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथेच 1858 च्या एप्रिलमध्ये रमाबाईंचा जन्म झाला. पुढे अवघ्या काही महिन्यांच्या रमेला टोपलीत घालून हे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडलं, ते कायमचंच.

रमा शिकण्याच्या वयाची होईपर्यंत अनंतशास्त्री थकले होते. त्यामुळे तिचं शिक्षण आईच्या वाट्याला आलं. दिवसभर कामातून सवड नसे, म्हणून लक्ष्मीबाई उजाडण्याआधी लेकीला उठवत आणि अंधारातच श्लोक म्हणवून घेत. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले ते या शिकवणीत. शाळा नाही, फळा नाही, बहुतेक वेळा डोक्यावर स्वतःचं छप्परही नाही. आज या गावच्या देवळात, उद्या त्या गावच्या धर्मशाळेत. कुटुंबाचं पोट पुराण सांगण्यावर चाले. मिळे त्यातलं बरंचसं पुन्हा दानधर्मात जाई.

या प्रवासाकडे नीट पाहायला हवं. त्या काळात बाईला घराबाहेर पडायचं तर तीर्थयात्रा हे जवळजवळ एकमेव मान्य कारण होतं. काशी, रामेश्वर, पंढरपूर ही नावं म्हणूनच आपल्या आज्यांच्या बोलण्यात इतक्या ओढीने यायची. त्या ओढीत भक्ती होती तशी मोकळ्या हवेची तहानही असणार. पण यात्रेत पुरुषाचं घर मागे राहतं, बाईचं घर तिच्याबरोबर चालतं. मुक्काम पडला की पाणी, चूल, लेकरं, आजारपणं हे सारं पुन्हा मांडायचं आणि सकाळी पुन्हा आवरायचं. लक्ष्मीबाईंनी हे वर्षानुवर्षं केलं, आणि त्यातून पहाटेचा तासभर शिकवण्यासाठी वाचवला. तिची श्रद्धा, तिचा प्रवास, तिचा संसार आणि तिची सेवा हे चार वेगळे कप्पे नव्हते. एकाच दिवसाच्या पोटात ते सगळं होतं.

मग दुष्काळ आला. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात या कुटुंबाची उपासमार झाली. दानधर्मात आणि तीर्थांवर सगळी शिल्लक संपली होती, आणि अंगमेहनतीचं काम करण्याची सवय पुराणिकाच्या घरात कुणालाच नव्हती. आधी वडील गेले, थोड्याच काळात आई, मग थोरली बहीण. आईच्या अखेरच्या दिवसांत तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारी गेल्या, तेव्हा तोंडातून शब्द फुटेना, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. तेव्हा उंचीने लहान असलेल्या रमाबाईंनीही आईचं ओझं वाहिलं.

इथपर्यंतच्या गोष्टीवर कुणीही हळवं पुण्यस्मरण लिहू शकला असता. रमाबाईंनी तसं केलं नाही. 1887 साली त्यांनी अमेरिकेत इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या अवस्थेवरचा तो सरळ आरोपच होता, आणि त्यात बालविवाहावर कठोर टीका होती. हेच पुस्तक त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केलं, आणि अर्पणपत्रिकेत मायेइतकाच मान तिच्या शिकवण्याला दिला. त्याच पुस्तकात नाव न घेता एक हकिगत येते. गोदावरीच्या काठी एक यात्रेकरू बाप भेटतो आणि आपली नऊ वर्षांची पोर दुसऱ्याच दिवशी एका अनोळखी, पोक्त माणसाला देऊन मोकळा होतो. पोरीचं नशीब, म्हणून ती चांगल्या माणसाच्या हाती पडली, असंही तिथे म्हटलं आहे. ही पोर म्हणजे लक्ष्मीबाईच, असं जाणकार मानतात.

आईवर निस्सीम प्रेम करणारी लेक आईचं लग्नच पुराव्यासारखं मांडते. वडिलांनी आईला चांगलं वागवलं, शिकवलं, हे ती मान्य करते. पण वडील चांगले निघाले म्हणून ती रीत चांगली ठरत नाही, हेही ती सोडत नाही. कृतज्ञता आणि न्याय यांतलं एक निवडायची वेळ आपल्यावर आली की आपण बहुधा कृतज्ञता निवडतो, आणि तिला संस्कार म्हणतो. रमाबाईंनी दोन्ही हातात धरलं.

श्रद्धेच्या बाबतीत तर अंतर याहून मोठं होतं. 1883 साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ज्या तीर्थांसाठी आईवडील आयुष्यभर चालले, त्या तीर्थांवरून त्यांचा विश्वास उडाला होता. मूर्तींपुढे आणि क्षेत्रांत घालवलेली ती वर्षं व्यर्थ गेली, असं त्यांनी पुढे स्पष्टच लिहिलं. त्या धर्मांतराने महाराष्ट्रात किती वादळ उठलं ते सर्वांना माहीत आहे. माझ्यासाठी महत्त्वाचं हे की त्या वादळातही त्यांच्या लिखाणातली आई ना धर्मवेडी झाली, ना बिचारी. ती शिकवणारी बाई राहिली. तिचा देव लेकीने सोडला. तिची पहाट मात्र सोडली नाही.

ती पहाट पुढे कुठवर गेली, ते पाहण्यासारखं आहे. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी मुलींना शिकवायला स्त्रीशिक्षिका तयार करा, असा आग्रह धरला. ज्या मुलीची पहिली शिक्षिका तिची आई, तिला ही मागणी स्वप्नाळू वाटण्याचं कारण नव्हतं. 1889 साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. तिथे शिकलेल्या विधवांपैकी एक गोदूबाई. 1893 साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कामात त्यांचा संसार मिसळून गेला. स्त्रीशिक्षणाची ही वाट मागे मागे शोधत गेलं तर एका फिरत्या कुटुंबातल्या, नाव नसलेल्या शिकवणीपाशी पोचते.

आणि दुष्काळ. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्तिसदन त्यातून उभं राहिलं. तिथे मुली अक्षरं शिकत, तशाच विणकाम, शेती, छपाई अशी हाताची कामंही शिकत. पुराण सांगण्यापलीकडे कोणतीही विद्या हातात नसल्यामुळे आपलं घर कसं संपलं, हे त्यांनी पाहिलं होतं. आईचं प्रेम त्यांनी तसंच ठेवलं आणि आईच्या घराची चूक दुरुस्त केली. आईला याहून मोठी आदरांजली कोणती असू शकते, मला सुचत नाही.

आपल्याकडे ‘मातृऋण’ फेडायचं म्हणजे आईसारखं व्हायचं, असा समज आहे. तिचे उपवास आपण चालवायचे, तिचं मत ते आपलं मत. खरं म्हणजे आईच्या आयुष्यातलं काय पुढे न्यायचं आणि काय तिथेच थांबवायचं, हे ठरवल्याशिवाय तिच्याशी आपलं नातं प्रौढ होत नाही. तिने सोसलं याचा अभिमान बाळगणं सोपं आहे. तिला का सोसावं लागलं हे विचारणं अवघड, कारण उत्तरात कधी वडील येतात, कधी आजी, आणि कधी आपण स्वतः.

म्हणून पुण्यस्मरणाच्या ओळी लिहायला बसणाऱ्याने विशेषणं जरा बाजूला ठेवावीत. आईला काय येत होतं, ती कुणाला काय शिकवून गेली, कुठल्या गोष्टीत आपलं तिच्याशी कधीच पटलं नाही, एवढं तरी लिहावं. जाहिरातीच्या चौकटीत ते बसणार नाही, घरातही चार जणांना आवडणार नाही. पण त्या मजकुरातली आई दुसऱ्या कुणाच्या घरी खपणार नाही.