‘म्हणून’

मराठी घरातल्या हाका कान देऊन ऐकाव्यात. आईला ‘अगं आई’, तर वडिलांना कितीतरी घरांत ‘अहो बाबा’. एकत्र कुटुंबात याहून गंमत असे. धाकटे भाऊ थोरल्याला ‘दादा’ म्हणत; ते ऐकून त्याची मुलेही बापाला ‘दादा’च म्हणू लागत. काका-आत्यांच्या तोंडची हाक उचलून प्रत्यक्ष आईला ‘वहिनी’ म्हणणारी मुलेही असत. आईच्या आईपणाआधी तिची घरातली जागाच मुलाच्या जिभेवर बसे.

या हाकांशी माझे वैर नाही. परक्या घरात आलेल्या नव्या सुनेला ‘वहिनी’ ही हाकच पहिला पाट मांडून देते. कुणाशी किती बोलावे, कुठे थांबावे, कुणाचे दुखणे आपले मानावे, हे माणूस भूमिकेतूनच शिकतो. सगळी नाती बाजूला ठेवून निव्वळ माणसासारखे भेटा, हा उपदेश मला पोकळ वाटतो. कुणाचा मुलगा नाही, शेजारी नाही, मित्र नाही, असा निव्वळ माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

माझी तक्रार आहे ती ‘म्हणून’ या एका शब्दाबद्दल. ‘बाप म्हणून सांगतो’ यात त्याचा अर्थ ‘या नात्याने’ असा होतो. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यात तो कारण सांगतो. पहिल्या अर्थावरून दुसऱ्यावर आपण केव्हा घसरतो ते कळतही नाही. साहेब म्हणून सही केली, सून म्हणून गप्प बसले. सांगितले जाते नाते, आणि मानले जाते कारण!

न्यायमूर्ती रानड्यांसारखा विचारी माणूसही यातून सुटला नाही. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचे ते उघड पुरस्कर्ते. वय ३१. पण वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याच वर्षी त्यांनी ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यांच्यातल्या सुधारकाला त्यांच्यातल्या मुलाने हरवले. सुधारकाच्या वाट्याला लोकांची टीका आली. परंतु ज्या मुलीच्या आयुष्याचा निर्णय झाला, तिला कुणी काही विचारलेच नव्हते.

पुढे त्याच रानड्यांनी तिला घरी शिकवले. बायकोला शिकवणे हे त्या काळच्या नवऱ्याच्या भूमिकेत बसणारे नव्हते. ती भूमिका त्यांनी टाकली नाही, रुंद केली. रमाबाई शिकल्या, १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, १९१० साली त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. भूमिका रुंद होऊ शकते, हे यातून दिसते. मग ‘माझा इलाज नव्हता’ हे म्हणणे कितपत खरे? मात्र हेही विसरता येत नाही, की या शिक्षणापायी घरातल्या बायकांचे टोमणे सोसावे लागले ते रमाबाईंना. भूमिका पाळली तेव्हा आणि रुंद केली तेव्हाही, अधिक भार खालच्या जागेवरच्या माणसावर पडला.

‘म्हणून’ हा शब्द टाळून संसार होणार नाही. परंतु तो ओठांवर आला की मी हल्ली एवढे पाहतो: याची किंमत कोण देणार आहे, आणि त्याला कुणी विचारले आहे काय?