अक्षहृदय आणि अभ्यास

चित्ताची एकाग्रता हा भारतीय परंपरेने गौरविलेला गुण आहे आणि द्यूत हे त्याच परंपरेने निंदिलेले व्यसन आहे. ही दोन्ही एकाच माणसाच्या ठायी आढळू लागली, की नीतिविचारापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. पोकर हा पत्त्यांचा खेळ गंभीरपणे खेळणारी माणसे आपल्या दिनक्रमाविषयी ज्या भाषेत बोलतात, ती एखाद्या साधकाला शोभावी अशी असते. झोपेची वेळ ठरलेली, खेळास बसण्यापूर्वी काही काळ श्वासावर लक्ष, खेळलेल्या डावांची वही, त्या दिवशी किती रक्कम गमवावयाची याची आधीच आखलेली मर्यादा. समाज ज्याला व्यसन म्हणतो त्याच्यासाठी कमावलेला हा संयम सद्गुण मानावयाचा काय?

हा प्रश्न म्हैसूरच्या संदर्भात विचारणे अनेक दृष्टींनी उचित ठरते. कृष्णराज वडियार तिसरे (१७९४–१८६८) यांच्या आश्रयाखाली सिद्ध झालेल्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या सचित्र ग्रंथाचे नऊ भाग आहेत. त्यांपैकी ‘कौतुकनिधि’ या भागात योगासनांची १२२ चित्रे आहेत आणि त्याच भागात गंजिफाच्या पानांचेही वर्णन आहे. आसन आणि पत्ते यांना एकाच निधीत जागा देणाऱ्या संकलकास त्यात विसंगती वाटली नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. शरीर आवरणे आणि स्मृती आवरणे ही दोन्ही त्याच्या लेखी ‘कौतुके’च होती. स्वतः राजाला पटावरील खेळांचा विलक्षण नाद होता. बुद्धिबळाचा घोडा चौसष्ट घरांतून एकेकदाच फिरवून आणण्याच्या कूटाचीही त्याने उत्तरे रचली. मात्र १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्यकारभार त्याच्या हातून काढून घेतला होता, हेही विसरता येत नाही. राज्य गेलेल्या राजाचे खेळातील प्रावीण्य ही साधना होती की पलायन, हा प्रश्न या ‘कौतुका’च्या मागे उभाच असतो.

गंजिफा मराठी वाचकास परका नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही लाखकामाची गोल पाने रंगविली जातात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. तिघे खेळत असता प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का वरचढ. हुकमाचा रंग नसल्यामुळे कोणते पान पडून गेले आणि कोणते अजून बाहेर आहे, याची आठवण हेच खेळाडूचे मुख्य बळ. क्षणभर लक्ष ढळले की हातातल्या पानाची किंमत कळेनाशी होते. या खेळाने मन बांधले जाते, हे नाकारता येणार नाही.

पोकरमध्ये स्मृतीहून अधिक काही लागते. येथे प्रतिस्पर्ध्याची पाने झाकलेली असतात आणि बिनचूक निर्णय घेऊनही हार पत्करावी लागते. हाती दोन एक्के असलेला खेळाडू दोन बादशहा धरणाऱ्याशी प्रारंभीच सर्व रक्कम लावून भिडला, तर पाचांपैकी सुमारे चार वेळा तो जिंकतो. पाचव्या वेळी काहीही न चुकता हरतो. त्या पाचव्या हारेनंतर मनाचा तोल जाणे, संतापाने पुढचे डाव उधळणे, याला खेळाडू ‘टिल्ट’ म्हणतात. दैनंदिन सवयींचा सारा खटाटोप याच क्षणासाठी असतो. वहीत डाव लिहून ठेवणारा खेळाडू हळूहळू स्वतःला ‘जिंकलो की हरलो’ असे न विचारता ‘निर्णय योग्य होता काय’ असे विचारू लागतो.

हे ऐकून कोणास निष्काम कर्माची आठवण झाल्यास नवल नाही. परंतु येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. खेळाडू एका डावाच्या फळाविषयी उदासीन होतो, तो हजार डावांचे फळ पदरात पडावे म्हणून. त्याची अनासक्ती हा हिशेबाचा भाग आहे. शिवाय त्याचे फळ दुसऱ्याच्या खिशातून येते, आणि खेळ चालविणारा आपला वाटा आधीच काढून घेत असल्यामुळे टेबलावरच्या सर्वांची मिळून हानीच होते. एकाची शिस्त दुसऱ्याच्या बेशिस्तीवर पोसली जाते. आसन करणाऱ्याच्या स्थैर्याने शेजारच्याचे काही हिरावले जात नाही. ‘कौतुकनिधी’तील शेजार येथे तुटतो.

भारतीय न्यायव्यवस्थेलाही या गुंत्याशी झगडावे लागले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, कारण कोणती पाने पडली हे त्यात ध्यानात ठेवावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने मात्र पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी केली. ‘यात बुद्धी लागते काय?’ या प्रश्नाची जागा ‘यात कोणाचे काय जाते?’ या प्रश्नाने घेतली. नीतिदृष्ट्या दुसरा प्रश्न अधिक मूलगामी आहे, कारण बुद्धी तर कपटालाही लागते.

तथापि एवढ्यावर विषय संपत नाही. महाभारताच्या वनपर्वात सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नलाची कथा सांगतात. बेहड्याच्या झाडाची पाने-फळे दृष्टिक्षेपात मोजणारा ऋतुपर्ण नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, देतो आणि त्याच क्षणी नलाच्या देहातील कली बाहेर पडतो. ज्ञानाने व्यसन सुटते, असा हा विलक्षण संकेत आहे. पुढे नल पुष्कराला एका पणात हरवितो, त्याला क्षमा करतो, त्याचा वाटा त्याला परत देतो आणि पटावरून उठतो. युधिष्ठिर सभेत फाशांचे रहस्य जाणत नव्हता हे खरेच. पण त्याहून मोठे अज्ञान हे, की कोठे उठावयाचे हे त्याला कळले नाही. नलाचे प्रावीण्य पण जिंकण्यात दिसते, त्याचे चारित्र्य मात्र उठण्यात आणि परत देण्यात दिसते.

शिस्तीची कसोटी येथे हाती लागते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात १९३३ पासून टी. कृष्णमाचार्य योग शिकवीत. त्यांचे शिष्य के. पट्टाभि जोइस यांच्यामुळे जगभर ‘म्हैसूर पद्धती’ म्हणून ओळखल्या गेलेल्या सरावात प्रत्येक जण रोज सकाळी आपापल्या गतीने आपला क्रम पुरा करतो. मात्र आठवड्यातून एक दिवस आणि अमावास्या-पौर्णिमेला सराव थांबतो, आणि रोजच्या क्रमाचा शेवटही स्वस्थ पडून राहण्यात होतो. थांबणे हा त्या अभ्यासाचा भंग नसून अंग आहे. पोकरच्या खेळाडूने आखलेली गमावण्याची मर्यादाही मुळात याच जातीची आहे. पण ती हरताना पाळणे तुलनेने सोपे. जिंकत असता, समोरचा मनुष्य भान हरपून घरचे पैसे पणाला लावीत आहे हे दिसत असता, जो उठू शकतो त्याचीच एकाग्रता व्यसनाच्या बाहेर पडली असे म्हणता येईल. आणि असा खेळाडू फार काळ खेळाडू राहील काय, हा प्रश्नच पुष्कळ काही सांगून जातो.

म्हैसूरच्या राजाबद्दलही निवाडा याच कसोटीने करावा लागतो. पट आणि पाने यांत रमूनही त्याने राज्यावरचा हक्क सोडला नाही. वार्धक्यात दत्तक घेऊन त्याच्या मान्यतेसाठी तो झगडला, ती मान्यता १८६७ मध्ये मिळाली आणि १८८१ मध्ये त्या दत्तक पुत्राकडे राज्य परत आले. खेळाने त्याला कर्तव्यापासून कायमचे तोडले नाही, एवढे तरी त्याच्या पक्षी म्हणता येते. सवयींनी कमावलेले मन हे धार लावलेले शस्त्र आहे. ते कोणावर चालते आणि म्यान करता येते की नाही, यावरच त्याचे मोल ठरते.