गोठ्यातील वारा

ज्येष्ठातल्या दुपारी हरियाणात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा संकरित गाईंच्या मोठ्या गोठ्यांत पंखे फिरू लागतात आणि आढ्याखालच्या नळ्यांतून तुषार पडतात. गाईचे स्वतःचे तापमान सुमारे ३८.५ अंश, हवा त्याहून तापली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो. अंग भिजवून वाऱ्यावर वाळू दिले तरच उष्णता निघून जाते. पावसाळी दमटपणात हाही उपाय लुळा पडतो. शिवाय गाईच्या पोटात चारा आंबत असतो, ती एक भट्टीच; जितके दूध अधिक, तितके खाणे अधिक आणि ऊबही अधिक.

ही व्यवस्था दयेपोटी होते काय? उष्म्याने गाय खाईनाशी होते, दूध आटते, गाभ राहत नाही. विजेचा खर्च त्या तुटीशी ताडून पाहिला जातो, इतकेच. कांट अशा कृतीला नैतिक मोल देणार नाही. मला मात्र ही चिकित्सा येथे फारशी महत्त्वाची वाटत नाही. गाईला वारा लागतो, मालकाचा हेतू लागत नाही.

खरी अडचण भाकड गाईपाशी येते. तिच्यावर पंखा फिरविण्यास हिशोबात आधार सापडत नाही. पण तिला उकाडा सोसेनासा केला कोणी? थारच्या वाळवंटात तगणाऱ्या थारपारकर गाईचा होल्स्टीनशी संकर करून कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने 'करण फ्राइज' घडविली. अशा संकरांनी दूध वाढले, आणि देशी गाईची उष्मा साहण्याची शक्ती उणावली. गारव्याची ही गरज माणसाने आपल्या लाभासाठी तिच्या रक्तात घातली. दूध संपले म्हणून हे ऋण फिटत नाही.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ज्यासाठी राज्यसभेत आग्रह धरला, त्या प्राणिक्लेश-प्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्याचे तिसरे कलम जनावर सांभाळणाऱ्यावर त्याच्या स्वास्थ्याचे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य टाकते. त्यात दुधाचा उल्लेख नाही. फायलींत जन्म घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना 'अनावश्यक' हा शब्द लगेच टोचेल. कोणाच्या दृष्टीने अनावश्यक, हे ठरविणारा बहुधा मालकच असतो.

खर्चाची सबब मी खोटी म्हणत नाही. लहान शेतकऱ्याच्या घरात माणसांनाच पंखा पुरत नाही. परंतु प्रत्येक उपायाला वीज लागते असेही नाही. छपराच्या माथ्याशी लांब फट ठेवली की तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. थंडीत धुक्याच्या भीतीने गोणपाटे लावून गोठा कोंडला जातो, तेव्हा मुताचा डोळे झोंबविणारा अमोनियाही तेथूनच जातो. पश्चिमेच्या बाजूला चार कडुनिंब लावता येतात. भाकड गाईच्या छपरालाही हे सारे करता येते.