सलाईन लावा, साहेब

१९९४च्या पावसाळ्यात मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नवा वैद्यकीय अधिकारी होतो. एका दुपारी एक आजोबा दीड वर्षाच्या नातवाला खांद्यावर टाकून आले. मागे पोराची आई. सकाळपासून सात-आठ जुलाब झालेले, डोळे थोडे खोल गेलेले. पण पाण्याची वाटी दिसली की मूल झेपावत होतं. अशा मुलाला सलाईन लागत नाही, जलसंजीवनी पुरते. मी पुडी दिली आणि कशी पाजायची ते सांगितलं. आजोबांनी पुडी उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "साहेब, हे तर मीठ-साखर. सलाईन लावा ना."

मी नाही म्हणालो. ते उठून गेले. संध्याकाळी कळलं की तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात दीडशे रुपये देऊन त्यांनी सलाईन लावून घेतली. त्या घराची ती पाच-सहा दिवसांची मजुरी होती.

पुढच्या महिन्यापासून मीही सलाईन लावू लागलो. गरज नसताना. माझा युक्तिवाद तेव्हा मला बिनतोड वाटायचा: सलाईनने मुलाचं नुकसान होत नाही, गरिबाचे पैसे वाचतात, लोकांचा सरकारी दवाखान्यावर विश्वास बसतो, आणि तीच आई उद्या लसीकरणालाही येते. चांगल्या हेतूने केलेलं एक छोटंसं नाटक. त्यात चूक काय?

हा प्रश्न मी बरीच वर्षं टाळला. तो पुन्हा समोर आला तो डॉ. दिलीप महालनबीस यांच्याबद्दल वाचताना.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. मूळचे बालरोगतज्ज्ञ असलेले महालनबीस तिथे पोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर, विष्ठेत आणि उलटीत पडलेले होते. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. असतं तरी ते लावायला पुरेसे प्रशिक्षित हात नव्हते. लहान आतड्यात ग्लुकोज असेल तर त्याच्याबरोबर सोडियम आणि पाणीही शोषलं जातं, हे तोवर माहीत झालं होतं. १९६८मध्ये ढाक्यात तोंडावाटे द्यायच्या द्रावणाच्या चाचण्याही झाल्या होत्या. पण त्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली. तेच द्रावण नातेवाइकांच्या हाती सोपवून चालेल का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

महालनबीस यांनी ते सोपवलं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यात पुड्या भरल्या, छावणीत पिंपात द्रावण केलं आणि आई-बापांच्या, भावंडांच्या हातात पेले दिले. उरलेलं सलाईन अगदी अत्यवस्थ रुग्णांसाठी राखलं. आधी मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ते चार टक्क्यांच्या खाली आलं.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. ज्यांना नकार द्यायला जागाच नव्हती, अशा निर्वासितांवर एक न पारखलेली पद्धत वापरली गेली. 'दुसरा पर्यायच नव्हता' हे वाक्य वैद्यकात फार वाईट कामांसाठीही वापरलं गेलं आहे. मग इथे ते मान्य का करायचं? मला दोन कारणं दिसतात. एक, द्रावणामागचं शास्त्र ठाऊक होतं. नवीन होतं ते फक्त पाजणाऱ्याचे हात. दुसरं, त्यांनी मृत्यू मोजले आणि निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपलं चुकलं असतं तर ते जगाला दिसावं, याची सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली होती.

माझ्या सलाईनला यातलं काहीच लागू नव्हतं. मी काही मोजत नव्हतो, आणि आजोबांना खरंही सांगत नव्हतो. पण असत्यापेक्षा मोठी चूक वेगळी होती, ती मला उशिरा दिसली. मी लावलेली प्रत्येक बाटली ओसरीवर बसलेल्या बायका पाहत होत्या. त्या काय शिकत होत्या? जुलाबाचं औषध डॉक्टरच्या हातात असतं, आपल्या नाही. मग रात्री दोन वाजता, ओढ्यापलीकडच्या पाड्यावर एखादं मूल जुलाबाने मलूल होतं, तेव्हा त्याची आई पाणी पाजत नाही. उजाडण्याची वाट पाहते. त्या मुलाचा चेहरा मी कधी पाहिला नाही. माझ्या नोंदवहीत त्याचं नाव नाही. आणि समोरच्या मुलाशी मी प्रेमानेच वागलो होतो.

सार्वजनिक आरोग्याच्या डॉक्टरची अडचण हीच असते. समोरच्या रुग्णाशी चांगलं वागताना न दिसणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं, आणि ते नुकसान जाब विचारायला येत नाही. वाचलेलं मूलही आभार मानायला येत नाही. आपण वाचलो हे त्याला माहीतच नसतं. महालनबीस २०२२मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं, तेव्हा माझ्या ओळखीच्या कित्येक डॉक्टरांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

लोकांच्या अडाणीपणाला मी तेव्हा बरीच नावं ठेवली. पण बाटलीची प्रतिष्ठा आजोबांनी निर्माण केली नव्हती, आम्ही डॉक्टरांनी केली होती. त्यात आमची सोयही होती. सलाईन लावायला दहा मिनिटं लागतात. मग आपण पुढच्या पेशंटकडे वळायला मोकळे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी सलाईनसाठी अडून बसलेल्या आईला समोरच्या बाकावर बसवायचो. पाणी, पुडी, वाटी, चमचा तिच्याच हातात. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. मुलाने ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. मी अधूनमधून येऊन बघायचो. दोन-तीन तासांनी मूल लघवी करायचं, रडताना डोळ्यांत पाणी दिसायचं. मग मी तिलाच विचारायचो, "ताई, आता कसं वाटतंय?"

बाहेर रांग खोळंबलेली असायची, आणि रांगेतली माणसं माझ्यावर रागावलेली असायची. त्यांचा राग चुकीचा होता, असं मला आजही म्हणता येत नाही.