सामाईक विमान आणि अपरिग्रह

अपरिग्रहाचा विचार बहुधा वस्तूंच्या संख्येवरून केला जातो; परंतु जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’, म्हणजे वस्तूविषयीचे ममत्व, अशी केली असल्यामुळे वस्तू कोणाच्या नावावर आहे यापेक्षा ती मनाला कितपत बांधते हा प्रश्न मुख्य ठरतो. अमेरिकेतील हौशी वैमानिक चौघा-पाचजणांत मिळून एखादे जुने विमान विकत घेतात, तेव्हा या प्रश्नाची चांगलीच कसोटी लागते. १९५८ ते १९७७ या काळात तयार झालेले दोन आसनांचे सेसना १५० घेतले, तर हँगरचे भाडे, विमा आणि दरवर्षीची सक्तीची तपासणी यांचा खर्च विमान उडो वा न उडो चालूच राहतो, आणि तो वाटून घेतल्यामुळेच मध्यम उत्पन्नाच्या माणसाला हा छंद परवडतो.

मात्र खर्च वाटला म्हणजे ममत्वही वाटले गेले, असे मानणे घाईचे होईल, कारण ‘माझे’चे ‘आमचे’ झाल्याने ते उलट घट्टही होऊ शकते. त्याला खरा छेद जातो तो इंजिनाच्या हिशेबात. या विमानाच्या १०० अश्वशक्तीच्या कॉन्टिनेन्टल इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी, म्हणजे ते पूर्ण उघडून नव्याने जुळवण्यासाठी, उत्पादकाने १,८०० तासांची मुदत सुचवली आहे. म्हणून विचारी भागीदार प्रत्येक उड्डाणतासामागे ठरावीक रक्कम राखीव निधीत टाकतात, जेणेकरून आजच्या झिजेचा भार उद्या उडवणाऱ्यावर पडू नये. येथे उपभोगाच्या क्षणीच ऋण उत्पन्न होते आणि तेव्हाच ते फेडले जाते. तेल बदलताना फिल्टर कापून त्याच्या कागदी घड्यांत धातूचे कण शोधणारा, आणि जे आढळले ते लॉगबुकात सहीनिशी नोंदवणारा भागीदार मालकापेक्षा विश्वस्ताच्या अधिक जवळ असतो.

तरीही हा हिशेब गटापुरताच राहतो. अशा विमानांच्या रूढ पेट्रोलमध्ये आजही शिसे असते, आणि धावपट्टीलगतच्या वस्तीतील मुलांना ते श्वासावाटे घ्यावे लागते. याच चिंतेपोटी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीने १ जानेवारी २०२२पासून रीड-हिलव्ह्यू विमानतळावर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबवली. सेसना १५०चे इंजिन मुळात ८० ऑक्टेनच्या इंधनासाठी आखलेले असल्याने त्याला शिसेरहित पर्याय चालू शकतो. तेव्हा तो जेथे उपलब्ध आहे तेथे गॅलनमागे पडणारा जादा पैसा भागीदारांनी राखीव निधीइतकाच बंधनकारक मानला पाहिजे.