द्राक्षमळा आणि महाविद्यालयाचे दार

'महाविद्यालयीन शिक्षण निःशुल्क असावे' हा विषय वादविवाद स्पर्धांतून वर्षानुवर्षे येत राहतो. अनुकूल बाजूचा विद्यार्थी बहुधा टाळ्या मिळवतो आणि प्रतिकूल बाजूचा आकडे मांडून ढाल घेऊन जातो. व्यासपीठावरील हा निकाल आम्हांला अंतिम वाटत नाही. अनुकूल बाजू केवळ भावनेची नसून न्यायाची आहे, असे आमचे मत आहे.

सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरचे उदाहरण घेऊ. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्यामुळे माळशिरस तालुक्यातील हे गाव नावारूपास आले. दिवाळीच्या सुमारास साखरपट्ट्यात गळीत हंगाम सुरू होतो आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता पहाटेपासून फडात राबतो. त्यांच्या कोपीत वाढलेले मूल बारावी उत्तीर्ण होते, तेव्हा महाविद्यालयाची फी ही त्या घराला आणखी एक उचलच असते.

प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप असा, की श्रीमंताच्या मुलाच्या मोफत शिक्षणाचा भार गरिबाने का वाहावा? आक्षेप वजनदार आहे. पण साबण, काडेपेटी, कपडा घेताना गरीबही कर भरतच असतो. त्या करातून अनुदानित महाविद्यालये चालतात आणि त्याचेच मूल फीच्या उंबरठ्यावर अडते. भार तो आजही वाहतो, लाभ तेवढा दुसऱ्यांना मिळतो. श्रीमंताकडून जे घ्यायचे ते त्याच्या मिळकतीच्या मानाने, प्राप्तिकराच्या रूपाने घ्यावे. प्रवेशाच्या खिडकीशी सर्वांची मुले सारखी असावीत.

दुसरा आक्षेप, फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. मग मातृभाषा, आईची माया, बाप्तिस्म्याची कृपा यांची किंमत आपण कोणती मोजली होती? प्रभू येशूच्या दाखल्यातील द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. त्याने तास मोजले नाहीत. त्या माणसाच्या घरी संध्याकाळी चूल पेटायची आहे, हे ओळखले, असा अर्थ आम्हांला त्यात दिसतो. उशिरा आलेला मजूर आळशी नव्हता, त्याला कोणी कामावर बोलावलेच नव्हते. आपल्या कितीतरी मुलांची गोष्ट हीच आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. चौदा वर्षांनंतरच्या शिक्षणाचा हक्क राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात म्हटले. ही मर्यादा आम्ही नाकारीत नाही. परंतु १९११ साली गोखल्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयकही संमत होऊ शकले नव्हते. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात तेच शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि २००२ साली ते घटनेत मूलभूत हक्क ठरले. कुवत पुष्कळदा इच्छेच्या मागून येते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, ठराविक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. मग त्याच घरातील भावाचे काय, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

फी माफ झाली म्हणजे सर्व झाले, असेही नाही. वसतिगृह, पुस्तके, एस.टी.चा पास आणि घरात येणारी एक मजुरी बुडणे, हे खर्च उरतातच. 'कमवा आणि शिका' या मंत्रामागे कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच ओळखले होते.

शेवटी आपल्याच घराकडे पाहावे लागेल. होतकरू पण गरीब विद्यार्थ्यांना कॅथलिक विद्यापीठांत सहज प्रवेश मिळावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आवर्जून सांगितले आहे. शासनाकडे मोफत शिक्षण मागताना आपल्या संस्थांच्या दारातून कोण परत जातो, हे आपण विचारले पाहिजे. प्रत्येक धर्मग्रामाने एका विद्यार्थ्याचा भार उचलला, तरी अनुकूल बाजूला एक भक्कम मुद्दा मिळेल, आणि त्याला परीक्षकांच्या गुणांची गरज उरणार नाही.