वडिलोपार्जित नाण्यांची वाटणी



आवराहाम आवीनूंनी साराच्या दफनासाठी माखपेलाची गुहा विकत घेतली, तेव्हा एफ्रोनला 400 शेकेल रुपे तोलून दिले. मोजून नव्हे, तोलून. छापाची नाणी त्या काळी नव्हतीच. ते रुपे व्यापाऱ्यांत चालणारे होते, हेही तोरा मुद्दाम सांगते. घरात शोक, तरी वजनात वा कसात खोट नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी, मुंबईहून वा अलिबाग-पनवेलकडून आलेल्या पेटीत, आजीने जपलेले राणीछाप व राजाछाप रुपये आहेत. आईवडील गेले की “तू दहा घे, मी दहा घेतो” अशी वाटणी होते. ती सारखी दिसते, पण नसते. 1901 सालचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया आणि 1944 सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया, दोहोंचे वजन 11.66 ग्रॅम. परंतु पहिल्यात चांदी शेकडा 91.7 आणि दुसऱ्यात अवघी 50, कारण 1940 साली सरकारने कस उतरवला. म्हणजे एकात साडेदहा ग्रॅमहून अधिक चांदी, तर दुसऱ्यात सहाहूनही कमी. त्यातून एखादा अस्सल 1939 चा निघाला तर हिशेबच पालटतो. त्या सालचे रुपये फार थोडे उरले आहेत व संग्राहक चांदीच्या कित्येक पट किंमत देतात. उलट 1911 च्या ‘डुकरछाप’ रुपयाचा बोलबाला मोठा (राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला!), पण तो तितका दुर्मिळ नाही.

आता धर्मशास्त्र पाहू. तालमुदात, किद्दुशीन 42 मध्ये, वाटणी करणाऱ्या भावांना खरेदीदारांचाच नियम लावला आहे. फरक सहाव्या हिश्शाहून कमी असेल तर वाटणी कायम. बरोबर सहावा हिस्सा असेल तर तेवढा परत करावा. त्याहून अधिक असेल तर वाटणीच रद्द. भाऊ न्यू जर्सीत आणि बहीण अश्दोदला असेल, तर पेटी ज्याच्या कपाटात त्याच्यावर भार अधिक. किंमत एकट्याने काढून गप्प बसणे, हे मला तराजूला अंगठा लावण्यासारखेच वाटते.

किंमत काढण्यातही रीत आहे. घ्यायचे मनात नसताना दुकानदाराला भाव विचारू नये, असे बाबा मेसियाच्या चौथ्या अध्यायातील मिश्ना सांगते. मी ते विकणाऱ्यालाही लावतो. विकायचे नसेल तर नाणेव्यापाऱ्याला आधीच तसे सांगावे व तपासणीचे पैसे द्यावेत. विकायचे असेल तर दोघातिघांना दाखवावे, कारण घेणाराच भाव ठरवू लागला की तो कुणाच्या सोयीचा असणार? नाणे खरोखर मोलाचे वाटल्यास पीसीजीएस किंवा एनजीसी फी घेऊन त्याचा अस्सलपणा व दर्जा ठरवून देतात. मात्र सणाच्या भांड्यांप्रमाणे ते राखेने-चिंचेने घासू नका. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच उतरते.

अमेरिकेत वारशाचे नाणे पुढे विकल्यास नफा मोजताना सामान्यतः आईवडिलांच्या मृत्युदिनाची किंमत धरतात. म्हणून त्या तारखेची किंमत जाणकाराकडून लेखी घ्यावी, आणि तिची एक प्रत लगेच अश्दोदला पाठवावी.